सोफा अल्याड, टेबल पल्याड

सरांच्या चेहऱ्यावर कधी काही दिसत नसे. वर्गात मागच्या बाकावरून कुणी मांजराचा आवाज काढला तरी दिसत नसे, पगार वाढला तरी दिसत नसे, आणि लग्नाच्या फोटोत तर ते असे उभे होते की पाहणारे आधी नवरदेवाची तब्येत विचारत. असला चेहरा संसारात काही कामाचा नाही. बायको 'भाजी कशी झालीय?' म्हणून विचारते आणि समोर भिंत बसलेली असते. पण पोकर नावाच्या खेळात अशा चेहऱ्याला सोन्याचा भाव येतो. हातात दोन पत्ते, टेबलावर पाच उघडे, आणि उरलेला सगळा खेळ एकमेकांना थापा मारण्याचा. भूगोलाचे सर, ज्यांनी जन्मात कधी शाळेचा खडू खिशात घालून घरी आणला नाही, ते दर रविवारी दुपारी तीन भल्या माणसांना बिनदिक्कत थापा मारत आणि जिंकत. आठवड्याच्या इतर दिवशी ते कुणालाच कशात हरवत नसत.

ती तीन भली माणसं अशी. एक दातांचे डॉक्टर, त्यांना सगळे 'दाढ' म्हणत. दुसरा कोपऱ्यावरचा औषधवाला, तो 'डोस'. तिसरा सरांचा सख्खा मेहुणा, वकील. वकील म्हणजे विजेच्या वाढीव बिलांचा, पण बोलण्याचा थाट असा की ऐकणाऱ्याला वाटावं, आपण खुनाच्या आरोपातून सुटतोय. डोस बिचारा कित्येक वर्षं सरांचा चेहरा वाचायचा प्रयत्न करत होता. कधी डोळे बघे, कधी बोटं, एकदा तर पत्ता खाली पाडून टेबलाखाली पायही बघून आला. काही हाती लागलं नाही.

पैशांऐवजी बटणं लावत. सरांची बायको घरी शिवणाचे वर्ग घेई, त्यामुळे बटणांना तोटा नव्हता. उठताना बटणांचे पैसे होत. फार नाही होत, पण होत. शिवाय बायकोचा एक डबा होता. डाव संपला की ती आतून येई, राशीतलं एक बटण उचली आणि डब्यात टाकी. 'चहाचं,' एवढंच म्हणे. चहाच्या मानाने बटणं बरीच जमत, कारण गेल्याच वर्षी त्या डब्यातून तिच्या शिलाई मशीनला विजेची मोटर बसली होती. ही गोष्ट ती मोठ्या अभिमानाने सगळ्यांना सांगे.

आता कायदा. गावाच्या मधून दोन राज्यांची सरहद्द गेली होती. अलीकडच्या राज्याला लोक अल्याड म्हणत, पलीकडच्याला पल्याड, आणि एक पोस्टमन सोडला तर त्याचं कुणाला काही वाटत नसे. पण पत्त्यांच्या बाबतीत दोन्ही सरकारांची डोकी दोन दिशांना चालत. अल्याडचा कायदा जुना आणि सरळ. पैसे लावून पत्ते खेळलात, की जो बसला असेल त्याने दंड भरायचा, आणि ठाण्याबाहेरच्या फळ्यावर महिनाभर त्याचं नाव. पल्याडच्या सरकारला मात्र कुणीतरी पटवून दिलं होतं की पोकर हा बुद्धीचा खेळ आहे. तिथे चार भिंतींच्या आत खुशाल खेळा. ही सगळी माहिती मेहुण्याची. 'बाकी काही किरकोळ अटी आहेत,' असंही तो म्हणाला होता. पण तेवढ्यात त्याला चांगले पत्ते आले आणि अटी राहून गेल्या.

सरांचं घर अल्याड. इतकी वर्षं त्याची फिकीर कुणी केली नव्हती. पण खालच्या घरात एक निवृत्त गृहस्थ राहत, त्यांना सगळी इमारत 'तळमजला' म्हणून ओळखे. एका रविवारी दाढ मोठा डाव जिंकले, आनंदाने खुर्चीसकट मागे सरकले, आणि तळमजल्याच्या डोक्यावर छताचा चुना पडला. त्यांनी तक्रार ठोकली. हवालदार आला, दारातच उभा राहिला.

"सर, माझी मुलगी तुमच्या वर्गात आहे. म्हणून आज मी काही बघितलं नाही. पण पुढच्या खेपेला फळ्यावर नावं लागतील, सांगून ठेवतो."

सरांच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही, पण फळा त्यांना परवडणारा नव्हता. शाळेत मुख्याध्यापकांची खुर्ची लवकरच रिकामी होणार होती आणि पहिलं नाव सरांचं होतं. दुसरं नाव चित्रकलेच्या मास्तरांचं. हा गृहस्थ नकाशात समुद्र हिरवा रंगवतो. त्याच्या हाताखाली काम करण्यापेक्षा समुद्रात उडी घेतलेली बरी, मग तो कुठल्याही रंगाचा असो.

"मग बंद करा की ते पत्ते," बायको म्हणाली. "रविवारी माझ्याबरोबर बाजारात चला. पिशवी तरी धराल."

सरांना रविवार आणि पिशवी हे दोन शब्द एका वाक्यात सहन झाले नाहीत. त्यांनी दाढांचा दवाखाना सुचवला, कारण तो पल्याड होता. पुढच्या रविवारी चौघे पूल ओलांडून गेले. दवाखान्यात माणसं चार आणि बसायला स्टुलं तीन, म्हणून डोसला पेशंटच्या खुर्चीत आडवं बसावं लागलं. त्याने हात वर करून पत्ते धरले की दिव्याच्या उजेडात ते मागून सगळ्यांना दिसत. तिसऱ्या डावाला एक बाई गाल धरून आत आल्या. दाढांच्या हातात नेमके त्याच वेळी दोन एक्के, म्हणजे सुरुवातीला याहून भारी पत्ते नाहीत. "जरा थांबा, ताई," ते म्हणाले. ताई थांबल्या, विव्हळत होत्या. दाढ राशीकडे बघत होते. शेवटी ताईंनी स्वतःच आत येऊन डोसला खुर्चीतून उठवलं आणि डॉक्टरांना असं काही सुनावलं की जबडा सुजलेला असूनही शब्दन् शब्द कळला. दाढांनी कानाला खडा लावला.

त्या रात्री सर जुने नकाशे उघडून बसले आणि त्यांना साक्षात्कार झाला. दोन्ही राज्यांची सरहद्द म्हणजे ओढ्याचा मध्य, हे ते मुलांकडून दरवर्षी घोकून घेत. तो ओढा गावात आता पुलाखाली सोडला तर कुणाला दिसत नसे, कारण फार पूर्वी तो बंदिस्त करून वर घरं बांधली होती. पण ओढा म्हणजे ओढा. झाकला म्हणून काही सरहद्द उठून दुसरीकडे राहायला जात नाही. सरांनी ओढ्याचं वळण मोजलं, पुन्हा मोजलं. ओढा बरोबर त्यांच्या इमारतीखालून जात होता.

सकाळी त्यांनी बायकोची मोजपट्टी घेतली, शिवणाचा निळा खडू घेतला आणि हॉलच्या फरशीवर तिरकी रेघ ओढली. सोफा, स्वयंपाकघर आणि बायकोचं मशीन अल्याड. खिडकी, फुलदाणी आणि एका टेबलापुरती जागा पल्याड. सर गुडघ्यांवरून उठले तेव्हा चक्क गुणगुणत होते. बायकोने हे पाहिलं आणि तिला काळजी वाटली.

"अहो, पण चूक असेल तर?"

"नकाशात माझी चूक?" सर म्हणाले.

तिने मोजपट्टी परत गळ्यात अडकवली. 'माझं चुकलं' हे शब्द सरांच्या तोंडून तिने कधीच ऐकले नव्हते. लग्नानंतर दोघं पहिल्यांदा प्रवासाला निघाली, तेव्हा सरांनी आत्मविश्वासाने भलत्याच बसमध्ये बसवलं होतं. भलत्याच गावात उतरल्यावर ते एवढंच म्हणाले होते, "हे गाव इथे नसायला हवं."

मेहुण्याने येऊन रेघेची पाहणी केली. "दाजी, तांत्रिकदृष्ट्या उत्तम! खेळाडूची बैठक जिथे, तिथला कायदा. पाय इकडे आले तरी हरकत नाही, पण बैठक पल्याड हवी." मग चौघांनी टेबल उचललं. टेबल जड होतं, त्याचा एक पाय दाराच्या चौकटीत अडकला आणि डोसच्या अंगठ्यावर पडला. त्या पल्याडच्या तुकड्यात तीन खुर्च्या नीट मावत. चौथ्या खुर्चीवर दाढ, आणि दाढांची बैठक मुळात मोठी. ती निम्मी रेघेच्या अलीकडे राही. शेवटी त्यांना फुलदाणीच्या जागी बसवलं आणि फुलदाणी अल्याड गेली.

दोन रविवार सुखाचे गेले. मग शिवण शिकायला येणाऱ्या बायकांनी रेघ पाहिली. 'पल्याडून दोरा आणते हं,' असे विनोद सुरू झाले आणि बातमी जिना उतरून तळमजल्यावर पोचली. तळमजला धापा टाकत वर आले. सरांना वाटलं, आता नवी तक्रार. पण गृहस्थांचे डोळे लकाकत होते.

"म्हणजे सर, तुमची खिडकी पल्याड, तर तिच्या खालची माझी न्हाणीघराची मोरीही पल्याडच?"

"अर्थात," सर म्हणाले. भूगोलाचा प्रश्न कुणी एवढ्या आस्थेने विचारला की ते विरघळत.

"मग मी अल्याडला पाणीपट्टी का भरतो? पल्याडला ती निम्मी आहे! सर, हे तुम्ही लेखी मांडा. तुमच्यासारखा विद्वान या इमारतीत दुसरा नाही."

इथेच सरांनी सावध व्हायला हवं होतं. मेहुणा म्हणालाही, "दाजी, जे आपोआप चाललंय ते कागदावर कशाला आणता?" पण 'विद्वान' हा शब्द सरांना फार वर्षांनी ऐकायला मिळाला होता. शिवाय मुख्याध्यापकपदाच्या वेळी 'सरहद्दीचे संशोधक' म्हणून मिरवता आलं असतं. त्यांनी पानंच्या पानं लिहून अर्ज केला, नकाशा जोडला, खाली लफ्फेदार सही ठोकली आणि तळमजल्याला बरोबर घेऊन ते भूमापन कचेरीत गेले.

कारकुनाने अर्ज उलटसुलट करून पाहिला. "अल्याडची जमीन असेल तर इथे. पल्याडची असेल तर पूल ओलांडून. तुमची कुठली?"

"मधली. ही रेषेबद्दलची बाब आहे."

"रेषेला विभाग नाही," कारकून म्हणाला. "जमिनीला विभाग आहे. रेषेवर काही पिकतं का?"

सर त्याला अर्धा तास ओढ्याचा मध्य समजावून सांगत होते. मागे रांग वाढत होती आणि रांगेतले लोकही सल्ले देत होते. एकाचं मत पडलं की घर विकून टाकावं. दुसऱ्याने ओढाच उघडा करून पाहायला सांगितलं. शेवटी कारकुनाने सुटकेचा मार्ग काढला. अर्ज दोन्ही राज्यांच्या कचेऱ्यांना द्यायचा आणि, रेषेचा मामला म्हणून, माहितीसाठी एकेक प्रत दोन्ही पोलीस ठाण्यांना. सरांनी स्वतःच्या हाताने, हसतमुखाने, प्रती पोचवल्या. हसतमुखाने म्हणजे मनातल्या मनात.

पुढच्या रविवारी खेळ ऐन रंगात आला होता. तळमजलाही उपकाराची फेड म्हणून वर येऊन सोफ्यावर बसले होते. एक डाव संपून बायको बटण उचलून डब्यात टाकत होती, तेवढ्यात दार वाजलं. बाहेर अल्याडचा हवालदार आणि त्याच्याबरोबर एक अनोळखी इन्स्पेक्टर बाई.

"या पल्याडच्या," हवालदार म्हणाला. त्याच्या आवाजात सुटका होती. "सर, तुमचा अर्ज वाचला. तुमच्याच म्हणण्याप्रमाणे हे टेबल आमच्या हद्दीत येत नाही. म्हणून यांना घेऊन आलो."

मेहुणा उठून उभा राहिला. "स्वागत आहे, मॅडम. खेळाडू चार, बैठका चारही पल्याड. तांत्रिकदृष्ट्या..."

"खेळा ना. आमच्याकडे पोकरला बंदी नाही," इन्स्पेक्टर बाई म्हणाल्या. दाढांनी सुस्कारा सोडला. बाई रेघेपर्यंत आल्या, खाली वाकून खडू पाहिला, मान डोलावली. "नकाशा फार चांगला काढलाय तुम्ही. आमच्या साहेबांनाही पटला." सरांची छाती फुगली. मग बाईंचं लक्ष डब्याकडे गेलं. "हा कसला डबा?"

"माझा," बायको अभिमानाने म्हणाली. "दर डावातून एक बटण मी घेते. मोटर बसवली मी त्यातून, मशीनला. दाखवू?"

मेहुण्याला ठसका लागला. तो बसला तो उठलाच नाही. आणि त्या वेळी ज्या किरकोळ अटी राहून गेल्या होत्या, त्या इन्स्पेक्टर बाईंनी सावकाश सांगितल्या. पल्याडला पोकर खुशाल खेळावं. पण ज्याच्या घरी खेळ चालतो, त्याने डावातून काही काढून घ्यायचं नाही. घेतलं तर तो खेळ नव्हे, अड्डा. खेळणाऱ्यांना काही होत नाही. अड्डा चालवणाऱ्याला तुरुंग.

"डबा तुमचा म्हणालात ना?" बाईंनी विचारलं.

"माझाच," बायको म्हणाली, पण या वेळी आवाज बारीक निघाला. तिने डबा पोटाशी धरला.

सरांना सगळं एकदम, नकाशासारखं, समोर दिसलं. चौघांनी मिळून, अंगठे चेचून घेत, ते टेबल दंडाच्या मुलखातून उचलून तुरुंगाच्या मुलखात आणून ठेवलं होतं. आणि ते तिथेच आहे, हे सिद्ध करायला सरांनी पानंच्या पानं लिहिली होती. त्यांनी बायकोकडे पाहिलं. कपाळावर घाम, हातात डबा, गळ्यात मोजपट्टी. चहाचे कप भरून भरून हिने यांचे रविवार गोड केले, आणि हिला घेऊन जाणार? सरांच्या छातीत असं काही कळवळलं की ते त्यांना स्वतःलाही नवीन होतं. चेहऱ्यावर अर्थात काही दिसलं नाही.

"मॅडम," सर म्हणाले, "ही रेघ चुकली आहे."

"काय?" इन्स्पेक्टर बाई, हवालदार आणि तळमजला एकदम म्हणाले.

"ओढा या इमारतीखालून जात नाही. तो पलीकडच्या गल्लीतून जातो. हे सगळं घर अल्याड आहे. टेबल, खुर्च्या, डबा, सगळं."

"अहो, आणि माझी मोरी?" तळमजल्याने हंबरडा फोडला.

"मोरीसुद्धा."

इन्स्पेक्टर बाईंनी डोळे बारीक केले. "तुम्ही भूगोल शिकवता ना?"

"शिकवतो."

"अर्जात लिहिलंय की शंकेला जागा नाही. आता म्हणता ओढा दुसरीकडे?"

"मला नकाशा नीट वाचता आला नाही," सर म्हणाले. मग स्पष्ट आवाजात म्हणाले, "माझं चुकलं."

बायकोच्या हातातला डबा फरशीवर पडला. बटणं घरंगळत चहूकडे गेली, काही अल्याड, काही पल्याड, आणि मग सगळ्यांना आठवलं की आता सगळीच अल्याड. इन्स्पेक्टर बाई बराच वेळ सरांच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. त्यांना तिथे काहीच सापडलं नाही. डोसला इतक्या वर्षांत सापडलं नव्हतं, तिथे त्यांचा काय पाड लागणार?

"मग ही केस यांची," त्या हवालदाराला म्हणाल्या. हवालदाराचा चेहरा पडला. "पण चूक झाली, असं मला लेखी हवं."

"दोन प्रती करा," बायको पटकन म्हणाली. "एक मला."

दंड झाला. फळ्यावर चौघांची नावं लागली, त्यात सरांचं सगळ्यात वर, कारण हवालदाराच्या मुलीने हौसेने ती सुवाच्य अक्षरात लिहून दिली होती. मुख्याध्यापकांच्या खुर्चीत चित्रकलेचे मास्तर बसले, आणि त्यांनी पहिल्याच दिवशी शाळेच्या भिंतीवर जगाचा नकाशा काढायला घेतला. समुद्र हिरवा. तळमजला सरांना जिन्यात भेटले की भिंतीकडे बघत. शाळेत मुलं मुद्दाम विचारत, 'सर, मधली सुट्टी कुठल्या राज्यात आहे?' सरांना हे सगळं लागलं. उगाच नाही म्हणण्यात अर्थ नाही, फार लागलं. एकदा तर ते जेवताजेवता म्हणाले, "पण ओढा इथूनच जातो." "माहितीय मला," बायको म्हणाली आणि त्यांना आणखी वाढलं.

खेळ मात्र थांबला नाही. दाढांनी रविवारी दवाखान्याच्या दाराला आतून कडी घालायचं ठरवलं आणि दोन खुर्च्या विकत आणल्या. एक वाढीव, कारण बायकोने जाहीर केलं होतं की डब्यावर बंदी आली तर आली, आता ती स्वतः खेळणार. पहिल्या रविवारी तिने सरांना धुऊन काढलं. दुसऱ्या रविवारीही. सरांनी थाप मारली की ती बटणं पुढे सरकवी, आणि सरांकडे खरंच पत्ते असले की निमूटपणे पत्ते टाकून डाव सोडून देई. डोस वेडा व्हायची पाळी आली. शेवटी त्याने चहाच्या वेळी तिला बाजूला घेतलं.

"वहिनी, तुम्हाला दिसतं तरी काय त्या चेहऱ्यावर?"

"चेहऱ्यावर काही नाही हो," ती हळूच म्हणाली. "डावा कान. खोटं बोलताना लाल होतो. त्या दिवशी 'माझं चुकलं' म्हणाले ना, तेव्हा पहिल्यांदा कळलं."

त्यानंतरच्या डावात सरांनी सगळी बटणं पुढे लोटली. दाढ घाबरून बाद झाले, मेहुणा तांत्रिकदृष्ट्या बाद झाला, डोसने सरांच्या कानाकडे पाहिलं, तो लालबुंद होता, आणि त्याने कपाळाला हात लावला, कारण त्याचेही पत्ते आधीच टाकून झाले होते. उरली बायको. तिने आपले दोन पत्ते पाहिले, सरांचा कान पाहिला. सर समोर भिंतीसारखे बसले होते. जिंकायची त्यांना फार गरज होती, एवढं दिसायला कान बघावा लागत नव्हता.

"मला नाही जमणार बाई," ती म्हणाली आणि पत्ते पालथे ठेवले.

सरांनी राशीला दोन्ही हातांनी मिठी मारली. मेहुण्याने हळूच बहिणीचे पत्ते उलटून पाहिले. दोन एक्के. त्याने तोंड उघडलं, तशी तिने टेबलाखालून त्याच्या नडगीवर नेमकी लाथ मारली आणि विचारलं, "चहा कोण कोण घेणार?"